जिन्याखालची जावा

कसब्यात मोटरसायकल चालवणं सोपं आहे, बॉस. ठेवणं अवघड. कसबा गणपतीवरून पावले चौकाकडे निघालात की समोरून टेम्पो, मागून रिक्षा, मधेच एखाद्या आजींची भाजीची पिशवी, आणि तरीही आपण कसे कोण जाणे, सुटतो. पण थांबायचं म्हटलं की संपलं. तुमच्या सोसायटीत असतील पिवळे पट्टे मारलेले, फ्लॅट नंबर टाकलेले पार्किंग स्लॉट. आमच्या वाड्यात एक जिना आहे, आणि जिन्याखाली जावा आहे.

१९७१ ची, अडीचशे सीसी, आजोबांनी घेतलेली. जावा मूळची प्रागची. यानेचेक नावाच्या गृहस्थांनी १९२९ मध्ये वांडरर कंपनीचं मोटरसायकलचं काम विकत घेतलं आणि दोन्ही नावांची पहिली दोन-दोन अक्षरं जोडली : जा-वा. आपल्याकडे ती म्हैसूरला बनायला लागली १९६१ मध्ये. कारखाना काढणारे इराणी, म्हणून पुढे १९७३ मध्ये तिचं नाव बदललं तेव्हा इराणातल्या यज्द शहरावरून येझदी झालं. १९९६ मध्ये कारखाना बंद पडला. तेव्हा मी शाळेतही जात नव्हतो.

पहिल्यांदा बघणाऱ्याची या गाडीवर जाम फजिती होते. ऑफिसातले मित्र येतात, मोठ्या रुबाबात बसतात आणि पायाने किक शोधत राहतात. उजवीकडे नसते. डावीकडे असतो तो गिअर. मग मी तोच गिअरचा दांडा आत दाबतो, वर फिरवतो, आणि झाली किक! एकाच दांड्यात दोन्ही कामं. सिलिंडर एक, पण सायलेन्सर दोन. दोन खोल्यांत नऊ माणसं राहणाऱ्या पेठेत पहिली आयडिया भारी वाटते, दुसरी शुद्ध उधळपट्टी.

आता दुरुस्तीचं. तुमच्या आजच्या बाइकला काही झालं की मीटरवर दिवा लागतो, सर्व्हिस सेंटरचा फोन येतो, गाडी घेऊन जातात, धुऊन आणून देतात. इथे दिवा वगैरे काही लागत नाही. आवाज ऐकायचा. आमचे मेस्त्री, वय साधारण सत्तर, गाडी बघतच नाहीत आधी. पाठ करून उभे राहतात आणि म्हणतात, 'मार किक.' मग ऐकतात. मागच्या बाजूला तांबट आळीत ठोके चालू असतात. पेशव्यांच्या काळापासून तिथे तांब्याची भांडी घडवतात, त्यामुळे या भागातल्या माणसाचा कान बहुधा आधीपासूनच तयार असावा. 'पॉइंट जळलेत' किंवा 'प्लग ओला होतोय', एवढंच निदान. फी नाही, चहा.

पॉइंट म्हणजे काय ते सांगतो, कारण सगळी गंमत तिथेच आहे. इंजिनात ठिणगी कधी पडायची हे ठरवणारी दोन छोटी टोकं. प्रत्येक फेरीला उघडतात, मिटतात. उघडल्यावर त्यांच्यात फट राहायला हवी ०.४ मिलिमीटर. जास्त झाली, कमी झाली, की गाडी रुसते. कंडेन्सर गेला की ती टोकं काळी पडतात, मग पॉलिश पेपर घासा, फट परत लावा. शनिवारी सकाळी मी हेच करत बसलेला असतो. जिन्यावरून उतरणारा प्रत्येक जण थांबतो. वरच्या मजल्यावरचे काका पाना पुढे करतात, कोणीतरी टॉर्च धरतं, बाबा पेपर वाचल्यासारखं करत सूचना देतात. पाच माणसांनी मिळून ०.४ मिलिमीटर!

पार्ट मिळवणं हा वेगळाच उद्योग. २०१८ मध्ये जावा परत बाजारात आली खरी, पण तिचं इंजिन फोर स्ट्रोक, पाण्याने गार होणारं, २९३ सीसीचं. नाव तेच, आमच्या कामाचं त्यातलं काही नाही. मग नाना पेठेतली दुकानं पालथी घाला, नाहीतर जुन्या बाजारात उन्हात फिरा. शिवाय आता पेट्रोलचा प्रश्न आहे. २०२५ पासून पंपावर वीस टक्के इथेनॉलवालं पेट्रोल सर्रास मिळतं, आणि इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं. त्यात आम्ही लिटरला ४० मिलि ऑइल कालवणार. जुने रबरी पाइप मऊ पडतात, टाकी आतून गंजायची भीती, म्हणून गाडी उभी ठेवायची असेल तर पेट्रोल काढून टाकावं लागतं. थोडक्यात, ही गाडी नुसती ठेवता येत नाही. चालवावीच लागते.

चालवून जायचं कुठे? भोरला, आत्याकडे. कात्रजचा जुना घाट, खेड शिवापूर, कापूरहोळला हायवे सोडून आत. पन्नास-पंचावन्न किलोमीटर. माझी बहीण वाकडला राहते, निम्म्यापेक्षाही जवळ, पण तिच्याकडे जाताना सिग्नलला गाडी तापते आणि मीही तापतो. घाट उतरला की दहा मिनिटं थांबायचं, इंजिन गार होऊ द्यायचं. घाई करून उपयोग नसतो.

आणि मुख्य म्हणजे, हिचा हेडलाइट सहा व्होल्टचा. देवघरातल्या निरांजनाला लाज वाटणार नाही, इतपत उजेड. त्यामुळे अंधार पडायच्या आत परत निघायचं, नाहीतर राहायचं. आत्याकडे जेवण व्हायलाच तीन वाजतात. मग झोप, मग चहा, मग 'आता कुठे निघतोस, अंधार होईल'. झालं, मुक्काम! गेल्या वर्षी आम्ही तिच्याकडे कारने दोनदा गेलो. दोन्ही वेळेला अडीच तासांत परत. बसलो, पोहे खाल्ले, 'येतो हं' म्हटलं आणि हायवेला लागलो. जावाने गेलो तेव्हा रात्री अंगणात बसून आत्याने सांगितलं, की लहानपणी ती याच गाडीच्या टाकीवर बसायची आणि शनिवारवाड्याला एक चक्कर झाली की आजोबा तिला वाड्यापाशी उतरवायचे. तिच्या लग्नात आजोबांनी गाडी विकायला काढली होती, हेही तेव्हाच कळलं. गिऱ्हाइकाला किक सापडली नाही म्हणून राहिली म्हणे. हे बाबांनाही ठाऊक नव्हतं.

तर आता वाडा पडणार आहे. शनिवारवाड्यापासून १०० मीटरच्या आत नवं बांधकाम करता येत नाही, त्यापुढच्या २०० मीटरसाठी पुरातत्त्व खात्याकडून परवानगी लागते. आम्ही त्या दुसऱ्या पट्ट्यात येतो, त्यामुळे इतकी वर्षं नुसतीच चर्चा होती. आता कागद पुढे सरकलेत. लिफ्ट येणार, घरात स्वतंत्र बाथरूम येणार, आईचे गुडघे सुटणार. वाडासंस्कृतीच्या नावाने गळे काढणाऱ्यांनी एकदा पावसाळ्यात आमच्या गळत्या छपराखाली रात्र काढावी. मला नवी बिल्डिंग हवी आहे.

फक्त प्लॅनमध्ये प्रत्येक फ्लॅटला एकच टू-व्हीलर पार्किंग आहे. बायकोची स्कूटर इलेक्ट्रिक, तिला चार्जिंग पॉइंट लागणार, म्हणजे जागा तिचीच. रोज नऊला ती ऑफिसला जाते, त्यामुळे यावर वाद घालायला मलाही तोंड नाही. बांधकाम होईपर्यंत आम्ही भाड्याच्या घरात, तिथला मालक 'जुनी गाडी नको, ऑइल गळतं' म्हणाला. गळतं, हे खरंच आहे. एका हौशी संग्राहकाने बरी किंमत सांगितली आहे. त्याच्याकडे अशा गाड्या काचेमागे उभ्या असतात, टाकी कोरडी करून. बाबा किंमत ऐकून काही बोलले नाहीत, चष्मा पुसत बसले.

मग आत्याचा फोन आला. पडवी रिकामी आहे, आणून ठेवा. मात्र तिची एक अट आहे : किल्ली तिच्याकडे राहणार, म्हणजे गाडी चालवायची तर आधी तिच्या घरी जेवावं लागणार. जावाची किल्ली म्हणजे काळ्या मुठीची साधी पिन असते, कुणाचीही कुणालाही चालते, हे मी तिला अजून सांगितलेलं नाही. या रविवारी भोरला गाडी सोडून यायची आहे. येताना एसटीने.