भाड्याच्या घरातले कांदे

नेदरलँड्सला ऑनसाईट आलेल्या मराठी मंडळींना ट्यूलिप माहीत असतो तो दोन कारणांमुळे. एक म्हणजे १९८१ सालचा 'सिलसिला', आणि दुसरं त्याचं शूटिंग जिथे झालं ते कॉयकनहॉफ. एप्रिलमधला एखादा वीकांत गाठून तिथे जायचं, दोनेकशे फोटो काढायचे, घरच्यांना व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायचे, संपलं. याबद्दल तक्रार काहीच नाही, मीही दोनदा जाऊन आलोय. पण त्यामुळे डोक्यात एक गोष्ट पक्की बसते, की हे कंद-फुलं म्हणजे तिकीट काढून बघायचं प्रकरण, आपण करायचं नाही.

कॉयकनहॉफ हा खरं तर एक जंगी क्लायंट डेमो आहे. ३२ हेक्टर जागेत दर शरदात साधारण ७० लाख कंद हाताने लावतात, दोनेक महिने बाग खुली असते, आणि सीझन संपला की सगळे कंद उपटून काढतात. पुढच्या वर्षी पुन्हा नवे. प्रॉडक्शनमध्ये म्हणजे स्वतःच्या परसात हे मॉडेल चालत नाही.

ट्यूलिप मूळचा मध्य आशियातल्या डोंगरांवरचा. कडक थंडी आणि नंतर कोरडा, तापलेला उन्हाळा ही त्याची सवय. तुर्कांकडून तो युरोपात आला, आणि १५९४ मध्ये लायडनच्या बागेत क्लूसियसने लावलेले कंद फुलले. इथल्या ओल्या उन्हाळ्यात हल्लीचे मोठ्या फुलांचे संकरित ट्यूलिप मात्र लवकर थकतात. पहिल्या वर्षी झकास फूल, मग मोठा कंद फुटून त्याची छोटी पिल्लं होतात, आणि दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी नुसतं एकेक पान. लोकांना वाटतं आपला हात वाईट. हात ठीक असतो हो, निवड चुकलेली असते.

म्हणून माझं स्पष्ट मत: मोठे ट्यूलिप कुंडीत लावा हौस म्हणून, पण जमिनीत स्नोड्रॉप, क्रोकस आणि बुटके नार्सिसस लावा. तेवढंच डोळ्यांत भरणारं नसेल, पण दरवर्षी परत येतं आणि वाढत जातं. क्रोकस तर आपल्या ओळखीतलाच, पांपोरचं केशर म्हणजे क्रोकसच, फक्त तो शरदात फुलतो. (क्रोकसचा कंद शास्त्रीय भाषेत घनकंद, पण दुकानात सगळे एकाच रॅकवर असतात, सोडून द्या.) स्नोड्रॉपच्या बिया मुंग्या उचलून नेतात आणि तुम्ही न लावलेल्या जागी तो उगवतो. नार्सिसस विषारी असल्यामुळे उंदीर त्याच्या वाटेला जात नाहीत. ट्यूलिपच हवा असेल तर क्लूसियाना किंवा टार्डासारखा रानटी, छोटा घ्या. क्लूसियानाचा पट्टा तर इराणपासून पश्चिम हिमालयापर्यंत आहे, म्हणजे तोही निम्मा आपल्या बाजूचाच :-)

लावायला अक्कल फार लागत नाही. कंदाच्या उंचीच्या तिप्पट खोल खड्डा, टोक वर, पाणी साचणारी जागा टाळायची. बाकीचे सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, ट्यूलिप मात्र नोव्हेंबरात, कारण गारठा पडला की बुरशीचा त्रास कमी होतो. कांदा उभा चिरला तर आत इवलीशी कळी तयार दिसते. म्हणजे यंदाचं फूल कंद घेऊनच आलेला असतो, त्यात आपलं कर्तृत्व शून्य. आपली परीक्षा पुढच्या वर्षीच्या फुलाची. आणि ती होते फूल गेल्यानंतर, जेव्हा पानं पिवळी पडून लोळायला लागतात आणि परस गबाळं दिसतं. तेव्हा निदान सहा आठवडे ती पानं कापायची नाहीत, शेजारी आजीबाईंसारख्या त्यांच्या नीटस वेण्या घालायच्या नाहीत, वरून गवतकापणीचं यंत्र फिरवायचं नाही. त्या सहा आठवड्यांत पानं पुढच्या वर्षाचं अन्न खाली पाठवत असतात. माझ्या मते सगळी बागकाम-विद्या या काही न करण्यात आहे, आणि आपल्याला नेमकं तेच जमत नाही.

आता खरा आक्षेप. 'अरे, आपलं दोन वर्षांचं कॉन्ट्रॅक्ट, घर भाड्याचं, घरमालकासाठी कशाला फुलं लावायची?' टीममधल्या तिघांनी मला हेच विचारलं. त्यातला एक इथे सात वर्षं आहे! सात वर्षं भिंतीवर खिळा ठोकलेला नाही, कुंडी घेतलेली नाही, कारण 'कधीही परत जायला लागेल.' परत जाणं चूक नाही. पण रोज बॅग भरून बसल्यासारखं राहायचं, हे मला पटत नाही. पाच-सहा युरोंची पुडी आणि एक दुपार एवढाच तर खर्च आहे.

फ्रीसलंडमध्ये जुन्या जमीनदारांच्या दगडी घरांना स्टिन्स म्हणत. त्या वाड्यांच्या बागांत लावलेले स्नोड्रॉप, क्रोकस वगैरे तिथे इतके रुजले की त्यांना नावच पडलं 'स्टिन्सनप्लांटन'. काही ठिकाणी वाडा केव्हाच पाडला गेलाय, मालकांचं नाव लोकांना सांगता येत नाही, आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये झाडांखाली फुलं मात्र येतात.

पुण्या-मुंबईच्या वाचकांसाठी थोडक्यात: विमानतळावरून ट्यूलिपचे कंद भेट म्हणून आणू नका. एक तर वनस्पती क्वारंटाइनची कागदपत्रं लागतात. शिवाय त्यांना ९ अंशांच्या खाली १२ ते १६ आठवडे काढावे लागतात, म्हणजे फ्रिजमध्ये, आणि तेही सफरचंदांपासून लांब, कारण पिकणाऱ्या फळांचा इथिलीन वायू आतली कळी मारतो. एवढं करून फूल एकदाच. त्यापेक्षा निशिगंध लावा. तोही कंदच, त्याला थंडीची गरज नाही, आणि वासाच्या बाबतीत ट्यूलिप त्याच्या जवळपासही येत नाही.

असो. माझं परमिट फेब्रुवारीत संपतंय, एक्स्टेन्शनचं मॅनेजर 'बघू' म्हणालाय. स्नोड्रॉप साधारण तेव्हाच येतात. चाळीस लावून झालेत, क्रोकसच्या दोन पुड्या राहिल्यात. उद्या पाऊस नसेल तर त्याही लावून टाकतो.