स्टिअरिंग कधी थरथरतं?

जुन्या गाडीचं स्टिअरिंग थरथरलं की आपण सरळ ‘अलाइनमेंट करून टाका’ म्हणतो. माझ्या मते हा खर्च बऱ्याचदा वाया जातो. अलाइनमेंट बिघडली तर गाडी एका बाजूला ओढते, टायर एकाच कडेने झिजतात. थरथर ८०-१००च्या वेगातच येत असेल तर आधी व्हील बॅलन्सिंग करा, टायरला फुगा आलाय का बघा. फक्त ब्रेक दाबल्यावर येत असेल तर पुढच्या डिस्क तपासा. आणि मेकॅनिकला पुढची चाकं उचलून हलवून बघायला सांगा. प्ले असेल तर टाय रॉड एंड, बॉल जॉइंट किंवा बेअरिंग झिजलेलं असू शकतं. आपल्यापैकी कितीतरी जण अशाच गाडीने चोर्ला घाट उतरून गोव्याला जातात. तिथे हा दोष जिवावर बेतेल. म्हणून नुसतं ‘थरथरतं’ म्हणू नका, कधी थरथरतं तेही सांगा.