विश्लेषण : हृदयाची झडप गळते कशी? आणि ती वाचवण्याची संधी कुठे हुकते?

हृदयाची खराब झालेली झडप बदलण्याची शस्त्रक्रिया आज महाराष्ट्रातील गरीब रुग्णालाही सरकारी योजनेतून मिळू शकते. मात्र झडप खराब होऊ नये म्हणून दर २१ दिवसांनी घ्यायचे पेनिसिलिनचे इंजेक्शन आणि झडपेला जंतुसंसर्ग झाल्याचा संशय येताच करायची रक्ततपासणी, या दोन साध्या गोष्टी निसटत राहतात. झडपांचे आजार हा हृदय शल्यचिकित्सकांचा विषय मानला जातो. प्रत्यक्षात त्याचा निकाल बऱ्याचदा गावातल्या किंवा गल्लीतल्या दवाखान्यात आधीच लागलेला असतो.

झडप ‘गळते’ म्हणजे काय?

हृदयात चार कप्पे आणि चार झडपा असतात. रक्त एकाच दिशेने पुढे जावे, मागे फिरू नये, हे झडपांचे काम. हृदय दिवसाला साधारण एक लाख वेळा धडधडते आणि प्रत्येक ठोक्याला झडपा उघडतात आणि मिटतात. डाव्या बाजूची मिट्रल झडप आणि महाधमनीच्या तोंडाशी असलेली झडप या दोघींवर सर्वाधिक दाब असतो. त्यामुळे बिघाडही बहुतेक वेळा तिथेच होतो.

बिघाड दोन प्रकारचा. झडप अरुंद होऊन नीट उघडत नाही किंवा तिच्या पाकळ्या नीट मिटत नाहीत. दुसऱ्या प्रकाराला ‘लीकेज’ म्हणजे गळती म्हणतात. हा शब्द ऐकून अनेकांना हृदयातून रक्त बाहेर सांडत असल्याची भीती वाटते. तसे काही नसते. विहिरीवरच्या मोटरचा फुटव्हॉल्व्ह खराब झाला की चढवलेले पाणी पुन्हा विहिरीत उतरते, मोटर चालत राहते आणि शेतात मात्र पाणी कमी पोहोचते. गळक्या झडपेमुळे हृदयाचेही हेच होते. तेच रक्त पुन्हा पुन्हा ढकलताना हृदयाचा आकार वाढतो आणि त्याची ताकद कमी होत जाते. जिना चढताना दम लागणे, रात्री उशा वाढवून झोपावे लागणे, पायांवर सूज येणे ही लक्षणे अनेकदा वर्षानुवर्षांनी दिसतात. तोपर्यंत रुग्ण स्वतःला धडधाकट समजत असतो.

तरुण वयात झडप का बिघडते?

श्रीमंत देशांत झडपांचे आजार आता मुख्यतः उतारवयातील झिजेमुळे होतात. भारतात मात्र शाळकरी मुलांच्या आणि तरुणांच्या खराब झडपांमागे आजही मोठे कारण आहे ते रुमॅटिक ताप. त्याची सुरुवात घशातून होते. ‘स्ट्रेप्टोकोकस’ गटातील एका जिवाणूमुळे घसा दुखतो, ताप येतो आणि चार दिवसांत मूल बरेही होते. पण काही मुलांच्या शरीरात या जिवाणूविरुद्ध उभी राहिलेली प्रतिकारशक्ती स्वतःच्याच ऊतींवर उलटते. दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा ताप येतो आणि सांधे सुजतात. आज गुडघा, उद्या घोटा, परवा मनगट असे दुखणे फिरत राहते. हे प्रामुख्याने ५ ते १५ या वयात घडते.

सांधे पूर्ण बरे होतात, म्हणून घरचे निर्धास्त होतात. झडपेवर मात्र व्रण राहतो आणि प्रत्येक नव्या संसर्गाबरोबर तो वाढतो. लहानपणी बहुधा गळती आढळते. पुढे पाकळ्या जाड होऊन एकमेकींना चिकटतात आणि झडप अरुंद होते. मुलींच्या बाबतीत हा आजार अनेकदा थेट पहिल्या बाळंतपणात उघड होतो, कारण गरोदरपणात शरीरातील रक्ताचे प्रमाण जवळपास निम्म्याने वाढते आणि अरुंद झडपेला तो भार पेलवत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात सुमारे साडेपाच कोटी लोकांना रुमॅटिक हृदयविकार आहे. दाटीवाटीची घरे, एका खोलीत झोपणारी अनेक माणसे आणि वेळेवर न मिळणारा उपचार ही त्याची जमीन आहे. म्हणूनच याला गरिबीचा आजार म्हणतात.

अर्थात घसा दुखला की लगेच प्रतिजैविक घ्यावे, असा याचा अर्थ नाही. बहुतेक वेळा घसा विषाणूंमुळे दुखतो आणि तिथे प्रतिजैविकाचा उपयोग शून्य असतो. सर्दी-खोकला नसताना अचानक आलेला ताप, गिळताना होणाऱ्या तीव्र वेदना, गळ्यातील दुखऱ्या गाठी अशी लक्षणे मुलात दिसली तर मात्र डॉक्टरांना दाखवायला हवे.

दर २१ दिवसांचे इंजेक्शन काय करते?

एकदा रुमॅटिक ताप येऊन गेला की पुढचा हल्ला टाळणे हाच मुख्य उपचार ठरतो. त्यासाठी बेंझाथिन पेनिसिलिन हे जुने आणि स्वस्त औषध दर तीन ते चार आठवड्यांनी कमरेत टोचतात. मोठ्यांसाठी मात्रा १२ लाख युनिट, कमी वजनाच्या मुलांसाठी त्याच्या निम्मी. झडपेत कायमचा दोष राहिला असेल तर हे इंजेक्शन किमान दहा वर्षे, अनेकदा चाळिशीपर्यंत घ्यावे लागते.

उपयोग किती, याचे ठोस उत्तर युगांडातील एका चाचणीने दिले. इको तपासणीत झडपेवर सुरुवातीच्या खुणा दिसलेली, पण लक्षणे नसलेली ८१८ मुले तिथे निवडली गेली. दोन वर्षांनी, इंजेक्शन न घेतलेल्या मुलांपैकी ८.२ टक्के मुलांचा आजार वाढला होता. नियमित इंजेक्शन घेणाऱ्यांत हे प्रमाण फक्त ०.८ टक्के होते. क्यूबातील पिनार देल रिओ प्रांताने १९८६ पासून दहा वर्षे रुग्णनोंदणी, जनजागृती आणि इंजेक्शनचा पाठपुरावा यांवर भर दिला आणि रुमॅटिक तापाचे प्रमाण झपाट्याने खाली आणले. त्यासाठी कोणतेही नवे तंत्रज्ञान लागले नाही. एक वही आणि ती पाहून दार ठोठावणारा आरोग्य कर्मचारी लागला.

आपल्याकडे नेमकी हीच साखळी तुटते. इंजेक्शन दुखते. त्यासाठी मुलाची शाळा आणि आईबापाची मजुरी बुडते. ऊसतोडीला सहा महिने गाव सोडणाऱ्या कुटुंबाचे नाव गावच्या वहीत राहते आणि मूल फडावर असते. शिवाय पेनिसिलिनची ‘रिअॅक्शन’ येईल या भीतीने अनेक खासगी डॉक्टर ते टोचायचे टाळतात. ही भीती अगदीच निराधार नाही. पण गंभीर अॅलर्जी दुर्मीळ आहे आणि पूर्वतयारी असेल तर तिच्यावर उपचार करता येतो. अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०२२ मध्ये एक महत्त्वाची सूचना केली. ज्यांचे हृदय आधीच फार कमकुवत आहे, त्यांच्यात इंजेक्शननंतरचे काही मृत्यू अॅलर्जीऐवजी हृदयावर आलेल्या ताणामुळे झालेले असू शकतात. अशा रुग्णांना गोळ्यांचा पर्याय द्यावा. म्हणजे कोणाला इंजेक्शन आणि कोणाला गोळी, हे ठरवता येते. सरसकट नकार देण्याला आधार उरत नाही.

झडपेलाच संसर्ग झाला तर?

आधीच खराब असलेल्या झडपेला दुसरा धोका असतो, तो जंतुसंसर्गाचा. त्याला ‘एंडोकार्डायटिस’ म्हणतात. निरोगी झडपेचा पृष्ठभाग गुळगुळीत असतो, तिथे जंतूंना सहसा थारा मिळत नाही. खडबडीत झालेल्या किंवा कृत्रिम झडपेवर मात्र ते चिकटतात. किडके दात, त्वचेवरची जखम, शिरेत दीर्घकाळ ठेवलेली नळी, डायलिसिस अशा कोणत्याही वाटेने ते रक्तात येऊ शकतात. झडपेवर जंतू आणि रक्ताच्या गुठळीचा पुंजका तयार होतो. त्याचा तुकडा सुटून मेंदूत गेला तर पक्षाघात होतो. पाकळीला भोक पडले किंवा तिचे दोर तुटले तर काही तासांत तीव्र गळती सुरू होते.

विल्यम ऑस्लर यांनी १८८५ मध्ये लंडनमधील व्याख्यानांत या आजाराचे सविस्तर वर्णन केले, तेव्हा त्यावर औषध नव्हते. पेनिसिलिन येईपर्यंत हे निदान म्हणजे जवळपास मृत्यूच होता. आजही, उत्तम रुग्णालयातसुद्धा, साधारण पाचांतील एक रुग्ण दगावतो.

निदान नेमके कुठे चुकते?

या संसर्गाचा ताप अनेकदा मोठा नसतो. संध्याकाळी कणकण, रात्री घाम, भूक मंदावणे, वजन घटणे असे हळूहळू चालते. आपल्याकडे अशा तापाला आधी मलेरिया, मग टायफॉइड, मग क्षयरोग अशी नावे मिळत जातात. दरम्यान पाच दिवसांचे प्रतिजैविक दिले जाते. ताप उतरतो, औषध संपले की परत येतो, मग दुसरे प्रतिजैविक. महिन्याभराने रुग्ण मोठ्या रुग्णालयात पोहोचतो तेव्हा रक्ताच्या ‘कल्चर’मध्ये जंतू वाढतच नाही. अर्धवट औषधाने तो दबलेला असतो, मेलेला नसतो.

इथेच सर्वात मोठे नुकसान होते. या आजारात चार ते सहा आठवडे शिरेतून औषध द्यावे लागते आणि कोणते द्यायचे हे जंतू कोणता यावर ठरते. जंतू कळला नाही तर उपचार अंदाजाने होतात. औषधे जास्त, दुष्परिणाम जास्त, खर्चही जास्त. निदानासाठी जगभर वापरले जाणारे ‘ड्यूक निकष’ १९९४ मध्ये आले आणि २०२३ मध्ये सुधारले गेले. पण त्यांचा कणा तोच राहिला : रक्ताचे कल्चर आणि हृदयाचे इमेजिंग, प्रामुख्याने इको. म्हणून झडपेचा आजार किंवा कृत्रिम झडप असलेल्या रुग्णाला विनाकारण ताप आला, तर पहिल्या प्रतिजैविकाआधी वेगवेगळ्या ठिकाणांहून कल्चरचे तीन नमुने घेतले गेले पाहिजेत. रुग्ण अत्यवस्थ असेल तर नमुने घेऊन लगेच औषध सुरू करावे, अहवालाची वाट पाहू नये. नमुने घ्यायला काही मिनिटे पुरतात.

दात काढताना प्रत्येकाने औषध घ्यावे का?

नाही. पूर्वी झडपेचा कोणताही दोष असला तरी दंतोपचाराआधी प्रतिजैविक दिले जाई. अमेरिकन हार्ट असोसिएशनने २००७ मध्ये ही यादी आखडती घेतली. कृत्रिम झडप असलेले, पूर्वी एंडोकार्डायटिस झालेले आणि काही ठरावीक जन्मजात हृदयदोष असलेले अशा सर्वाधिक धोक्याच्या रुग्णांनाच हिरड्यांशी संबंधित उपचारांपूर्वी ते द्यावे, असे ठरले. बाकीच्यांसाठी दोन वेळा दात घासणे आणि किडलेला दात वेळीच दाखवणे हेच संरक्षण. दंतवैद्याला झडपेच्या आजाराबद्दल सांगणे मात्र प्रत्येकाचे काम आहे.

झडप बदलली की प्रश्न सुटतो का?

शस्त्रक्रिया जीव वाचवते, यात शंका नाही. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेत तयार झालेली भारतीय बनावटीची झडप डिसेंबर १९९० मध्ये पहिल्यांदा रुग्णाला बसवली गेली आणि त्यामुळे ही शस्त्रक्रिया अनेकांच्या आवाक्यात आली. पण नवी झडप म्हणजे नवे हृदय नव्हे. धातूची झडप दीर्घकाळ टिकते. तिच्यावर गुठळी होऊ नये म्हणून रक्त पातळ ठेवणारी गोळी आयुष्यभर घ्यावी लागते आणि ‘आयएनआर’ ही रक्ततपासणी नियमित करावी लागते. तालुक्याच्या गावात ही तपासणी वेळेवर झाली नाही तर एकीकडे गुठळीचा आणि दुसरीकडे रक्तस्रावाचा धोका. त्याच गोळीने गर्भालाही अपाय होऊ शकतो. प्राण्याच्या ऊतीपासून बनवलेल्या झडपेला ही गोळी दीर्घकाळ लागत नाही. पण ती साधारण १० ते १५ वर्षे टिकते, तरुणांमध्ये त्याहूनही कमी. आणि जंतुसंसर्गाचा सर्वाधिक धोका ज्यांना असतो, त्यांत कृत्रिम झडपवाले पहिल्या रांगेत असतात.

मग करायचे काय?

महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेतून झडपेची शस्त्रक्रिया होते, हे योग्यच आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात २०१३ मध्ये पालघरमधून झाली आणि त्याच्या तपासणी यादीत रुमॅटिक हृदयविकार आहे. म्हणजे मूल सापडण्याची व्यवस्था कागदावर आहे, शेवटच्या शस्त्रक्रियेचीही आहे. मधल्या वीस वर्षांची जबाबदारी मात्र कोणाचीच नाही.

प्रत्येक मुलाची इको तपासणी परवडणार नाही, हा आक्षेप रास्त आहे. पण ज्या मुलांचे निदान झाले आहे, त्यांच्यापासून सुरुवात करायला कोणी अडवलेले नाही. प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात अशा मुलांची वेगळी नोंद हवी, इंजेक्शनचा साठा आणि रिअॅक्शनवरचे औषध हवे. कुटुंब स्थलांतर करत असेल तर दुसऱ्या जिल्ह्यातही चालेल असे कार्ड मुलाच्या हाती हवे. उपजिल्हा रुग्णालयात कल्चरच्या बाटल्या आणि त्या प्रयोगशाळेपर्यंत नेण्याची सोय हवी. झडप बदललेल्या रुग्णाला घरी सोडताना ‘ताप आल्यास आधी कल्चर, मग प्रतिजैविक’ ही ओळ त्याच्या कागदावर मराठीत लिहिलेली हवी.

किती झडपा बदलल्या, हा आकडा योजनेचे यश म्हणून सांगता येतो. किती मुलांचे एकही इंजेक्शन चुकले नाही, हा आकडाही आरोग्य खात्याला दरवर्षी विचारला गेला पाहिजे. पहिला आकडा कमी व्हायचा असेल, तर दुसरा वाढावा लागेल.