पाटी चुकते तेव्हा धंदाही अडखळतो

बाजारातून जाता-येता दुकानांच्या पाट्या जरा निरखून पाहा. 'फर्निचर'चे 'फनिर्चर' झालेले दिसेल. 'सर्व प्रकारचे'ऐवजी 'सवर् प्रकारचे' छापलेले असेल. कुठे उकार पाटीच्या कडेला कापला गेला आहे, तर कुठे जागा भरण्यासाठी अक्षरे आडवी ताणली आहेत. उर्दू नावाची तर त्याहून दैना. अक्षरे सुटी पडलेली आणि ओळ उजवीकडून सुरू होण्याऐवजी डावीकडून उलटी छापलेली! मालकाने पैसे मोजून लावलेली ही पाटी रोज सारी पेठ पाहते.

असे का होते? जुन्या फाँटमध्ये रफार अक्षरानंतर टंकला जाई आणि पहिली वेलांटी आधी. युनिकोडमध्ये क्रम नेमका उलटा आहे. एकातला मजकूर दुसऱ्यात नेताना रूपांतर नीट झाले नाही की रफार आणि वेलांटी भलतीकडे जाऊन बसतात. उर्दू अक्षराचे रूप शब्दातील जागेप्रमाणे बदलते. हा नियम सॉफ्टवेअरला ठाऊक नसेल तर शब्दच मोडून पडतो.

हाताने पाटी रंगवणारा पेंटर आणि उर्दू लिहिणारा कातिब अक्षर ओळखत होते. १९८१ साली नूरी नस्तालीक संगणकावर आले आणि पुढे कातिबाची कलम मागे पडली. फ्लेक्सने पेंटरचा ब्रश मागे टाकला. यंत्राने हात बदलला, याबद्दल तक्रार नाही. परंतु हाताबरोबर नजरही गेली, हे नुकसान मोठे आहे. आज मालक मजकूर पाठवतो, ऑपरेटर छापतो आणि माणूस पाटी टांगून जातो. या तिघांपैकी वाचून पाहतो कोण?

महाराष्ट्रात २०२२ च्या दुरुस्तीनंतर लहान दुकानांनाही मराठी देवनागरी पाटी बंधनकारक झाली. तिची अक्षरे इतर लिपीपेक्षा लहान असून चालत नाहीत. सप्टेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यासाठी दोन महिन्यांची मुदत दिली होती. कायद्यासाठी पाटी करायचीच आहे, तर ती शुद्ध का करू नये?

व्यापारी बंधूंनो, खिशातला मोबाइल येथे कामाला लावा. चुकलेली पाटी दिसली की फोटो काढून ठेवा. आठ-दहा फोटो जमले की चुका कुठे होतात ते कळू लागेल. आपली पाटी छापण्याआधी नमुना मागवा आणि हे फोटो शेजारी ठेवून रफार, वेलांटी, उकार तपासा. उर्दू मजकूर उर्दू जाणणाऱ्यालाच दाखवा. पाटी लागल्यावर रस्त्यापलीकडून तिचाही फोटो काढा. तेथून नाव वाचता येत नसेल, तर गिऱ्हाइकालाही येणार नाही.

मात्र दुसऱ्याच्या पाटीचा फोटो हसण्यासाठी चारचौघांत फिरवू नका. त्या दुकानदाराला बाजूला घेऊन दाखवा. चूक बहुधा त्याची नसते आणि बदनामी मात्र त्याच्या दुकानाची होते.

छपाईच्या धंद्यातील तरुणांनी तर ही नजर कमवावीच. फ्लेक्सचे मशीन पैसेवाला कोणीही आणू शकतो. अक्षर ओळखणारा डोळा विकत मिळत नाही आणि ज्याच्याकडे तो आहे, त्याच्याकडे गिऱ्हाईक दोन रुपये जास्त देऊनही परत येईल.