साठीनंतरचे वेळापत्रक

यंदा मी वयाची साठ वर्षे पूर्ण केली. घरी उग्ररथशांती झाली, आप्तेष्ट जेवून गेले आणि 'डॉक्टर, आता आराम करा' असा प्रेमळ सल्ला अनेकांनी दिला. आपल्या पंचांगातील संवत्सरांची नावे साठ. त्यामुळे माणूस ज्या संवत्सरात जन्मतो, त्याच नावाचे संवत्सर साठ वर्षांनी पुन्हा येते. एक आवर्तन संपून दुसरे सुरू होते, असा भाव त्यामागे असावा. उलट 'साठी बुद्धी नाठी' असेही आपलीच मराठी म्हणते. या दोन टोकांच्या मध्ये खाजगी व्यवसाय करणाऱ्या डॉक्टरने स्वतःला कोठे उभे करावे, याविषयीचे काही विचार व्यवसायबंधूंपुढे मांडावेत, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

सरकारी सेवेतील डॉक्टरांना नियत वयोमानानुसार निवृत्तीचा आदेश मिळतो. कोणाला कार्यभार द्यायचा हेही त्यात ठरलेले असते. खाजगी व्यवसायाला आपल्या कायद्याने वयाची वरची मर्यादा घातलेली नाही. त्यामुळे दवाखाना चालू राहतो तो चालूच राहतो, आणि शेवटी आपली निवृत्ती आपण नव्हे, तर आपले आजारपण ठरवते. एके दिवशी रुग्णांना दाराला कुलूप दिसते. तीस वर्षांचा मधुमेही कोणाकडे जाणार, त्याच्या नोंदी कोठे आहेत, हे कोणालाच ठाऊक नसते. ज्यांनी विश्वास टाकला, त्यांचा असा निरोप घेणे मला उचित वाटत नाही. म्हणून माझे स्पष्ट मत असे की, साठीची ध्येये ही नवे काही जोडण्याची यादी नसावी. कोणते काम केव्हा आणि कोणाच्या हाती सोपवायचे, याचे ते वेळापत्रक असावे.

हिशेब आपल्याला परका नाही. साठी गाठलेल्या भारतीयाच्या वाट्याला सरासरी आणखी सुमारे १८ वर्षे येतात. ती सारीच धडधाकट जातील असे नाही, हे रोज रुग्ण तपासणाऱ्यांना वेगळे सांगायला नको. दहा वर्षे उमेदीची धरली, तरी ते फार मोठे धन आहे. मात्र ते मोजून खर्च करावे लागेल.

या बाबतीत महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे चरित्र मला फार बोलके वाटते. त्यांचा जन्म १८ एप्रिल १८५८ चा. फर्ग्युसन महाविद्यालयातील गणिताच्या अध्यापनातून ते १९१४ साली निवृत्त झाले. जपानमधील महिला विद्यापीठाची माहितीपुस्तिका त्यांच्या वाचनात आली आणि १९१६ साली, अठ्ठावन्नाव्या वर्षी, त्यांनी पुण्यात महिला विद्यापीठ सुरू केले. एकाहत्तराव्या वर्षी ते युरोपच्या प्रवासाला निघाले. १९३६ मध्ये, अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, खेड्यांतील प्राथमिक शिक्षणासाठी त्यांनी मंडळ स्थापिले, तर १९४४ मध्ये समता संघ. १९५८ साली, शंभराव्या वर्षी, त्यांना 'भारतरत्न' मिळाले. त्यांच्या दीर्घायुष्याचे कौतुक सर्वच करतात. मला त्यांच्या कामाची रीत अधिक मोलाची वाटते. हिंगण्याच्या आश्रमाचा जम बसल्यावर त्याचा भार सहकाऱ्यांनी उचलला, आणि म्हणूनच अण्णांचे हात पुढच्या कामाला मोकळे झाले. संस्थेला ते चिकटून बसले असते, तर पुढचे काहीच घडले नसते.

आपण कोणी महर्षी नव्हे. तरीही त्या रीतीचा आपल्या मापाचा अंश घेता येतो. माझ्यापुरती मी तीन कामे ठरवली आहेत.

पहिले, येत्या दोन वर्षांत सायंकाळची ओपीडी तरुण सहकाऱ्याकडे पूर्णपणे सोपवायची. जुन्या रुग्णांची ओळख त्याला समोरासमोर करून द्यायची आणि नोंदी नीट लावून ठेवायच्या.

दुसरे काम या शहराने सुचवलेले. १९९४ चा प्लेग आणि ऑगस्ट २००६ चा तापीचा महापूर या दोन्ही संकटांत सुरत सावरली, ती कष्टकऱ्यांच्या बळावर. उधना, लिंबायत, पांडेसरा या भागांत खानदेशातून आलेली आपली माणसे लूमच्या खात्यांत बारा-बारा तासांच्या पाळीत उभी असतात. यंत्रांच्या सततच्या गोंगाटाने येणारा बहिरेपणा प्रथम ४००० हर्ट्झच्या आसपास दिसतो. नेहमीच्या बोलण्यात तो जाणवत नाही. जाणवतो तेव्हा अंतर्कर्णातील केशपेशी नष्ट झालेल्या असतात आणि त्या पुन्हा उगवत नाहीत. कानांत योग्य बोळे वापरल्यास हे बऱ्याच अंशी टळते. कारागीर पाळी बुडवून आपल्याकडे येऊ शकत नाही; म्हणून आठवड्यातील एक दुपार आपणच त्याच्याकडे जायचे, श्रवण आणि रक्तदाब तपासायचा. तीन वर्षांत पाचशे कारागीर, हे माझे लक्ष्य. सोबत एक तरुण डॉक्टर पहिल्या दिवसापासून असेल, कारण हे काम माझ्याबरोबर संपावे असे मला वाटत नाही.

तिसरे काम सर्वांत अवघड आहे. हात थरथरू लागला, औषधाचे नाव आठवेनासे झाले, तर ते मला प्रथम कळेलच असे नाही. रुग्ण आदरापोटी बोलणार नाही, घरचे मायेपोटी. म्हणून दोन व्यवसायबंधूंना मी लेखी अधिकार दिला आहे: 'थांबा' असे त्यांनी म्हटले की वाद न घालता थांबायचे. वैमानिकाची तपासणी नियमाने होते. आपली होत नाही, तर ती आपणच मागून घ्यावी.

यावर कोणी म्हणेल, रुग्ण सोडायला तयार नसतात. खरे आहे, पण त्यांची ती माया आपल्या अट्टहासाचे निमित्त होऊ नये. कोणी म्हणेल, आयुष्यभर राबल्यावर विश्रांतीचा हक्क नाही काय? अवश्य आहे. नातवंडे, वाचन, संगीत, प्रवास यांसाठी वेळ हवाच, आणि कामे वेळेवर सोपवली तरच तो मिळेल. ज्यांची कर्जे फिटायची आहेत, मुलांची शिक्षणे व्हायची आहेत, त्यांचे वेळापत्रक लांबेल. तरी त्यात एक तारीख असावी. तारखेवाचून ध्येय ही केवळ इच्छा राहते.

आपल्या मंडळाला एक सूचना करावीशी वाटते. साठी पूर्ण करणाऱ्या सभासदांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार आपण करतोच. त्याच वेळी प्रत्येकाने एक काम, एक तारीख आणि ते काम ज्याला सोपवणार त्याचे नाव मंडळाच्या वहीत लिहून द्यावे. तरुण सभासदांनी ती वही वाचावी आणि 'अमुक काम मी घेतो' असे म्हणावे. ज्येष्ठांच्या अनुभवाचे चीज आणि तरुणांच्या उमेदीला दिशा, दोन्ही त्यातून साधेल. सर्वांनी याचा अवश्य विचार करावा, ही नम्र विनंती.