सापाच्या पेटीत एकच तापमान नको

पाळीव सापाची चौकशी करणारा माणूस आधी आकडा विचारतो. किती अंश ठेवायचे, दमटपणा किती टक्के? आकडा मिळाला, यंत्रावर लावला की काम झाले असे त्याला वाटते. माझे म्हणणे असे की सापाला एक ठरीव तापमान पुरत नाही. त्याला पेटीचे एक टोक गरम लागते, दुसरे थंड, मध्ये कुठे तरी ओलसर आडोसा, आणि यातले काय कधी घ्यायचे हे ठरवायची मोकळीक. साप शरीराची ऊब जागा बदलून मिळवतो. भक्ष्य गिळल्यावर ते पचवायला तो उबेला जातो, एरवी थंड कोपऱ्यात पडून राहतो. पेटी सगळीकडे सारखीच थंड असेल तर पोटातला उंदीर पचत नाही आणि साप तो ओकून टाकतो. सगळीकडे सारखीच गरम असेल तर त्याला पळायला जागाच उरत नाही.

आपल्याकडे हौसेने पाळल्या जाणाऱ्या बॉल पायथनचेच बघा. हा पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतला साप. घाना, टोगो आणि बेनिनमधून तो जगभर गेला. तिथल्या हवामानाचे सरासरी आकडे बघून पेटी लावणारे हमखास फसतात, कारण हा साप दिवस काढतो उंदरांच्या बिळांत आणि वारुळांत. वर गवताळ माळ रखरखत असताना आतली हवा ओलसर आणि बरीचशी स्थिर असते. म्हणून गरम टोकाला ३१ ते ३३ अंश, थंड टोकाला २५ ते २७, आणि आर्द्रता ६० टक्क्यांच्या वर, असा पल्ला ठेवावा लागतो.

या आर्द्रतेतच बहुतेकांची गाडी अडते. हायग्रोमीटर दाखवतो ती सापेक्ष आर्द्रता. २५ अंशांना ८० टक्के आर्द्रता असलेली हवा, तिच्यातले पाणी तेवढेच ठेवून, ३२ अंशांपर्यंत तापवली तर आकडा ५३ च्या आसपास उतरतो. दिवा लावला की हवा कोरडी होते ती अशी. मग पाळणारा फवाऱ्याची बाटली उचलतो आणि दिवसातून चारचारदा पाणी मारतो. वरच्या जाळीतून वाफ निघून जाते, खालचा भुसा मात्र भिजलेला राहतो आणि साप त्या ओलीवर पडून असतो. पोटाचे खवले तपकिरी होतात, मऊ पडतात, त्यांना फोड येतात. उलट पेटी कोरडी पडली तर कात अडते. निरोगी सापाचे डोळे आधी दुधाळ निळसर होतात, काही दिवसांनी पुन्हा निवळतात, आणि मग कात ओठांपाशी सुटून उलट्या मोज्यासारखी अखंड उतरते. ती हातात घेऊन डोळ्यांच्या जागी दोन पारदर्शक चकत्या आहेत का, हे पाळणाऱ्याने दर वेळी बघायलाच हवे. नसतील तर त्या सापाच्या डोळ्यांवरच राहिल्या आहेत. शेपटीच्या टोकाला राहिलेले कातीचे कडे आवळत जाते आणि टोक मरते. यावर फवारा चालत नाही. नारळाच्या भुशाचा जाड थर, तळाशी ओलसर आणि वर कोरडा. पाण्याचे पसरट भांडे. ओले शेवाळ भरलेला एक बंद आडोसा. एवढे दिले की कोरडे घ्यायचे की ओले, हे साप स्वतः बघतो.

आपली हवा मुळातच उबदार, मग ही यंत्रे कशाला, असे कुणी म्हणेल. मुंबईत वर्षाचे बरेच महिने जास्तीची ऊब लागत नाही, हे खरेच. पण जुलैत बंद पेटीतली कोंदट हवा सापाच्या फुप्फुसांना बाधते. नाकाशी बुडबुडे येतात, तो तोंड उघडे ठेवून श्वास घेऊ लागतो. एसीची खोली त्याला थंडही पडते आणि कोरडीही. पुण्यात जानेवारीच्या रात्री पारा १० अंशांच्या खाली जातो, तर नागपुरात मे महिन्यात ४५ च्या घरात. तिथे पेटी थंड कशी ठेवायची हा खरा प्रश्न असतो, आणि थंड देशांतल्या पाळणाऱ्यांसाठी लिहिलेली पुस्तके त्याबद्दल फारसे सांगत नाहीत. थर्मोस्टॅट न लावता पेटीखाली चालू ठेवलेली हीट मॅट तर सरळ इजा करते. पोट भाजत असतानाही साप अनेकदा त्या जागेवरून हलत नाही.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. पैदास करणारे साप अरुंद खणांत ठेवतात, ते तिथे खातात, अंडीही घालतात, मग इतका खटाटोप का? खाणे आणि वीण एवढ्यावरून जनावर सुखी ठरत नाही. बॉल पायथन महिनोन्‌महिने उपाशी राहूनही जगतो, त्यामुळे चुकीच्या पेटीचा परिणाम दिसायलाच फार वेळ लागतो. शिवाय त्या खणांतही ऊब बहुधा एकाच बाजूने दिलेली असते. उबेचा फरक लागतो, हे पैदास करणाऱ्यांनाही पक्के ठाऊक आहे.

साप पाळूच नयेत, असे म्हणणाऱ्यांशी माझा वाद नाही. नाग, धामण, अजगर घरात ठेवायला १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा मनाई करतो, ते योग्यच आहे, आणि परदेशी सापही नव्याने कुणी आणू नये असे मला वाटते. पण आलेल्या सापांचे काय? बॉल पायथन वीस-तीस वर्षे सहज जगतो. अमेरिकेत सेंट लुईसच्या प्राणिसंग्रहालयात साठी ओलांडलेल्या मादीने २०२० मध्ये अंडी घातली. वन्यजीव कायद्याच्या २०२२ च्या दुरुस्तीने आणि २०२४ च्या नियमांनी साइट्स या वन्यजीव-व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय करारातल्या परदेशी प्रजातींची सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी सक्तीची झाली. बॉल पायथन तिच्यात येतो. कॉर्न स्नेक साइट्सच्या यादीतच नसल्याने सुटतो. नोंदणीने मालक कोण ते कळते. पेटीत काय चालले आहे ते कळण्यासाठी आणखी एक अट घालावी : साप हातात पडण्याआधी त्याची पेटी आठवडाभर रिकामी चालवायची आणि दोन्ही टोकांची दिवसाची व रात्रीची नोंद पशुवैद्याला दाखवायची. विमानतळांवर पकडलेले साप जिथे ठेवले जातात, त्या केंद्रांनाही हीच अट लागू व्हावी.