हातापुरती भूल मिळते, पण ती देणारा तालुक्याला कुठाय?

मळणीयंत्रात नाहीतर कडबाकुट्टीत हात सापडला, की पुढचं आपल्याला पाठ आहे. ग्रामीण रुग्णालयात पट्टी होते, एक इंजेक्शन मिळतं आणि हातात चिठ्ठी येते: जिल्ह्याला न्या. तुटलेल्या शिरा, चेंदलेली बोटं यांना मोठं रुग्णालय लागतंच. पण साधं हाड बसवायला, जखम नीट साफ करून शिवायलाही गाडी करावी लागते. याचं एक मोठं कारण म्हणजे भूलतज्ज्ञ नसणं.

हाताच्या ऑपरेशनला दरवेळी पूर्ण बेशुद्ध करावं लागत नाही. हाताच्या नसा मानेच्या खालच्या भागातून निघून हासळीच्या हाडाखालून काखेत उतरतात. या वाटेवर सुईने औषध सोडलं, की तेवढाच हात काही तास बधिर होतो. डॉक्टर याला ‘ब्लॉक’ म्हणतात. माणूस जागा असतो, श्वास स्वतःचा स्वतः घेतो. ओढल्यासारखं जाणवतं, पण दुखत नाही. दम्याच्या किंवा वयस्कर माणसाला हे बऱ्याचदा सोयीचं पडतं. ऑपरेशननंतरही काही तास कळ येत नाही.

ही पद्धत नवी नाही. जर्मनीत १९११ सालीच कातडीवरून सुई देऊन असे ब्लॉक दिले गेले. आता सोनोग्राफीवर नस बघून सुई नेता येते.

मग अडलंय कुठं? माणसापाशी. सुई चुकली तर फुफ्फुसाला इजा होऊ शकते, औषध रक्तात गेलं तर झटके येऊ शकतात. ब्लॉक अपुरा पडला तर पूर्ण भूल द्यावी लागते. म्हणून हे काम तयार हाताचंच. केंद्राच्या २०१२ च्या निकषांत ३० खाटांच्या रुग्णालयाला भूलतज्ज्ञ धरलेला होता. एमबीबीएस डॉक्टरांना भुलीचं प्रशिक्षण देण्याची सरकारी योजनाही आहे, पण तिचा रोख सिझेरियनवर. सोनोग्राफी मशीनला गर्भलिंग निदान कायद्याखाली नोंदणी लागते, ती वेगळीच.

इमारतीला रंग दिला म्हणून हात वाचत नाही. आपल्या रुग्णालयाच्या रुग्ण कल्याण समितीला एवढंच विचारा: भूलतज्ज्ञाचं पद मंजूर आहे का, भरलेलं आहे का, आणि तो आठवड्यातून किती दिवस येतो?

आणि ब्लॉक घ्यायची वेळ आलीच, तर शेवटचं कधी जेवलात, रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का, हे लपवू नका. हात बधिर असेपर्यंत झोळीत ठेवा, चुलीपासून लांब ठेवा. भाजलं तरी कळणार नाही.